रिटर्न ‘प्रोसेस्ड’ दिसतंय, तरी इन्कम टॅक्सचा रिफंड आला नाही. अडवून ठेवला असेल का?

मी सीए नाही, पण घरातली पाच-सहा रिटर्नं दरवर्षी मीच भरतो. त्या अनुभवावरून सांगतो.

‘प्रोसेस्ड’ म्हणजे बेंगळुरूच्या सीपीसीने (खात्याचं रिटर्न तपासणारं केंद्र) तुमचं रिटर्न तपासून हिशेब पूर्ण केला, एवढंच. पैसे निघाले असा त्याचा अर्थ नाही. म्हणून आधी मेलवर आलेलं कलम १४३(१) चं पत्र, म्हणजे त्या तपासणीचा निकाल, उघडा. पासवर्ड म्हणजे लहान (स्मॉल) इंग्रजी अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. त्यात शेजारी-शेजारी दोन रकाने असतात: तुम्ही काय दाखवलं आणि त्यांनी काय धरलं. रिफंडची रक्कम तिथेच कमी झाली असेल तर बहुतेक वेळा घोळ टीडीएसचा, म्हणजे पगार किंवा व्याज देणाऱ्याने आधीच कापलेल्या कराचा असतो. तुम्ही दाखवलेला टीडीएस २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा खात्याकडचा उतारा) नसतो, कारण कापणाऱ्याने तो भरलेला नसतो किंवा चुकीच्या पॅनवर भरलेला असतो. दुरुस्ती त्यालाच करावी लागते, आपण फक्त मागे लागायचं.

आकडे जुळत असतील आणि तरीही पैसे नसतील, तर मला पहिला संशय जुन्या थकबाकीचा येतो. कलम २४५ खाली इन्कम टॅक्स खात्याला तुमचा रिफंड मागच्या एखाद्या वर्षाच्या मागणीत (थकीत करात) वळता करता येतो. त्याआधी ते मेल पाठवून कळवतात आणि उत्तराला २१ दिवस देतात. उत्तर दिलं नाही तर मागणी मान्य आहे असं धरून पैसे वळते होतात.

इथेच मी फसलो होतो. काही वर्षांपूर्वी तो मेल आला (तेव्हा मुदत ३० दिवस होती) आणि मला वाटलं, रिफंडच्या नावाने फसवणारे मेल येतात त्यातलाच हा एक. उघडलाच नाही. मागणी होती माझ्या पहिल्या नोकरीच्या वर्षाची. मालकाने टीडीएस कापला होता, पण पॅनचं एक अक्षर चुकवलं होतं. मूळ रक्कम किरकोळ, पण दरमहा एक टक्का व्याज चढत गेलेलं. रिफंडातून तीन हजारांच्या आसपास गेले. अधिकाऱ्याकडे दोन फेऱ्या मारल्या, मग नाद सोडला. वेळेत ‘मागणी अमान्य’ असं कळवून फॉर्म १६ (मालकाने दिलेला टीडीएसचा दाखला) जोडला असता तर निदान माझी बाजू नोंदली गेली असती.

दुसरी शक्यता बँकेची. बँक खातं इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर व्हॅलिडेट (पडताळलेलं) नसेल, पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल किंवा बँकेच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलला असेल, तर ‘रिफंड फेल्ड’ असं दिसतं. खातं दुरुस्त करून ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती टाका. हे त्यातल्या त्यात सोपं. आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झाला असेल तर मात्र तो सुरू होईपर्यंत रिफंड निघत नाही, आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही.

ज्यांचं स्टेटस अजून ‘प्रोसेसिंग’वरच आहे त्यांनी आधी ई-व्हेरिफिकेशन झालंय का ते बघावं, त्याला ३० दिवसच असतात. ते झालं असेल तर चिडून उपयोग नाही. रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरलं ते संपल्यावर खात्याकडे आणखी नऊ महिने असतात. जुलै २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी कायद्याने ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे. उशिराबद्दल दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, पण रिफंड कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तेही नाही. आणि मिळालेलं व्याज पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं, ते बहुतेक जण विसरतात.

तुम्ही आज पोर्टलवर ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये जाऊन ‘आऊटस्टँडिंग डिमांड’ तेवढं बघा. काही दिसलं तर वर्ष आणि रक्कम इथे लिहा, उत्तर कसं द्यायचं ते सांगतो. पॅन मात्र इथे टाकू नका.