पीसीच्या पंख्यांना कोणती जाळी लावावी, म्हणजे धूळ थांबेल पण हवा अडणार नाही?

बारीक विणीची नायलॉनची, चुंबकपट्टीची जाळी घ्या आणि ती फक्त हवा आत ओढणाऱ्या पंख्यांना लावा. फोम नको, धूळ त्यात आतवर रुतते आणि पंखा नुसता घोंघावत राहतो. मागच्या, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याला जाळी लावली तर धूळ आतल्या बाजूने साचते, फायदा काहीच नाही. आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवले की उघड्या फटींतून हवा बाहेरच जाते, विनाजाळीची आत शिरत नाही. मी पीसी जुळवून देतो. जाळी लावून आणि काढून, तोच गेम अर्धा तास चालवून तापमान बघतो. 2-3 अंशांचा फरक चालतो, त्याहून जास्त आला तर विण फार दाट आहे. अर्थात, रस्त्यालगत राहत असाल तर चांगली जाळीही महिन्याभरात तुंबते. धुवा, पण पूर्ण वाळवूनच परत लावा.