लहानपणी मार सोसलेली मुलगी तरुणपणी पुन्हा तशाच माणसाजवळ का राहते?

तुम्ही लिहिले आहे की वडिलांचा पट्टा तुम्ही दोघी बहिणींनी लहानपणी सोसला आणि आता तुमची तेवीस वर्षांची धाकटी बहीण ज्या मुलासोबत राहते, तोही तिच्यावर हात उगारतो. तरीही ती त्याला सोडत नाही, तेव्हा हे तिच्या स्वभावातच आहे का? हिंसाग्रस्त स्त्रियांची समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकते, आणि ‘स्वभाव’ हे उत्तर मला मुळीच पटत नाही.

लहानपणीची हिंसा आणि पुढची हिंसा यांतला संबंध मात्र खरा आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांच्या आईला वडील मारत असत अशा स्त्रियांमध्ये नवऱ्याकडून हिंसा होण्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळले. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कॅथी स्पॅट्झ विडम यांनी १९६७ ते १९७१ दरम्यान छळाची किंवा हेळसांडीची न्यायालयात नोंद झालेल्या ९०८ मुलांचा माग काढला. १९८९ साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत, हिंसक गुन्ह्यासाठी अटक झालेल्यांचे प्रमाण या मुलांत सुमारे ११ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत सुमारे ८ टक्के होते. फरक आहे, पण बहुसंख्य मुले त्या वाटेला गेली नाहीत, हेही त्याच आकड्यांत आहे. पुढे मोठेपणी घेतलेल्या मुलाखतींत मात्र हीच माणसे इतरांपेक्षा अधिक वेळा स्वतः हिंसेला बळी पडलेली दिसली. मार खाल्लेला पुढे मारतो, एवढेच आपल्याकडे बोलले जाते. ही दुसरी बाजू मागे राहते.

हे घडते कसे? एखाद्या मुलीला मी थेट विचारले, ‘तो मारतो का?’ तर उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. मग विचारते: ढकलतो का? हात पिरगाळतो का? फोन हिसकावून घेतो का? या प्रत्येकाला ती मान डोलावते आणि वर म्हणते, ‘पण पट्टा नाही हो काढला कधी.’ ती खोटे बोलत नसते. तिच्या घरात मार म्हणजे काय हे ज्या टोकावर ठरले, त्याच्या अलीकडचे सगळे तिला किरकोळ वाटते. शिवाय मारून झाल्यावर वडीलच जवळ घेत असतील, तर माफी मागून रडणारा मुलगा तिला भीतीदायक वाटण्याऐवजी ओळखीचा वाटतो.

तरी माझ्या मते याहून मोठे कारण मनाबाहेरचे आहे. इतर मुलींना, निदान काही दिवसांपुरते, माहेर असते. जिला माहेरातूनच जीव वाचवून निघावे लागले, ती शिक्षण अर्धवट सोडून, हाताशी पैसे नसताना, पहिल्या आधार देणाऱ्याकडे जाते. आणि भांडणात तो म्हणतो, ‘जा की मग तुझ्या बापाकडे.’ तिला जायला जागा नाही हे त्यालाही पक्के ठाऊक असते, आणि हात उगारण्याचे बरेचसे धाडस त्याला तिथूनच येते. ती ‘का राहते’ असे विचारताना आपण ही बाजू सोयीस्करपणे विसरतो.

म्हणून ‘सोड त्याला’ हे पहिले वाक्य नसावे. तुमच्याकडे तिला केव्हाही येता येईल, हे तिने न विचारताच सांगा, आणि तिची आधार, बँकेची व शिक्षणाची कागदपत्रे तुमच्याकडे ठेवता येतील का ते पाहा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध आहे असा समज आहे, पण लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचा आधार घेता येतो आणि घरातल्या वडिलांविरुद्ध मुलीलाही. त्यासाठी या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. १८१ या महिला मदतवाहिनीवर बोलता येते. तो मुलगा तिचा फोन तपासत असेल, तर हे सारे संदेशात लिहून पाठवू नका, प्रत्यक्ष भेटूनच सांगा.