भंगाराचा भाव कोण सांगतो?

प्रश्न : मी एक कथा लिहितेय. जग कोसळल्यावर नोटांना कुणी विचारत नाही, प्लॅस्टिकच्या बाटल्यांना सोन्याचा भाव येतो. नायिका त्या वेचून धान्य मिळवते. मैत्रीण म्हणते, ‘डिस्टोपियन, म्हणजे बिघडलेल्या भविष्याच्या गोष्टींत हे नेहमीचंच.’ मग वेगळं काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मैत्रिणीचं खरं आहे, पण तेवढ्यावरून कथा मोडीत काढू नका. टंचाई आली की भाव चढतो, हे कांदा आपल्याला शिकवतोच. त्यासाठी जग बुडवायला नको.

ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटीफोर’ (१९४९) ही कादंबरी पुन्हा काढा. नायक विन्स्टनकडे एक सहकारी दाढीचं ब्लेड मागतो. विन्स्टन खोटंच सांगतो, ‘एकही नाही, मीच सहा आठवडे एक ब्लेड वापरतोय.’ प्रत्यक्षात त्यानं दोन कोरी दडवलेली असतात. रेशनिंगचं लंडन पाहिलेल्या लेखकाला हे सुचायला फार डोकं खाजवावं लागलं नसेल. मला महत्त्वाचं वाटतं ते पेपरवेट. जुन्या सामानाच्या दुकानातून विन्स्टन ते चार डॉलरला घेतो : काचेचा गोळा, आत गुलाबी पोवळं. दुकानदार चॅरिंग्टन सांगतो, एके काळी याचे आठ पौंड आले असते. गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून भाव पडला, पण जोखीम वाढली. जुनी, सुंदर, बिनकामाची वस्तू सत्ताधारी पक्षाच्या माणसाकडे सापडणं हेच संशयास्पद. आणि पुढे तो चॅरिंग्टनच थॉट पोलिसांचा, म्हणजे लोकांच्या विचारांवर पाळत ठेवणाऱ्या पोलिसांचा, माणूस निघतो! भाव सांगणाराच सरकारचा.

हक्सलेच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) या कादंबरीत उलट टंचाई नाहीच. तिथे झोपेतल्या मुलांच्या कानात घोकलं जातं : शिवत बसण्यापेक्षा फेकून द्या. नव्या खेळाला परवानगी हवी, तर त्याला जुन्या खेळांइतकं तरी सामान लागलंच पाहिजे. कारखाने चालायला हवेत ना!

आता तुमच्या बाटल्या. वेचणारी दिसते, घेणारा दिसत नाही. आमच्या गल्लीतला भंगारवाला पुठ्ठा हसत घेतो; काच पाहिली की तोंड वाकडं करतो, कारण पुढचा व्यापारी ती घेत नाही. तसा काट्यामागचा माणूस कथेत आणा. बाटल्या तो कुणासाठी घेतो? काटा मारतो का? नायिकेनं आणलेली एखादी बाटली तो न बोलता परत करतो, ती कोणती? ते पान जमलं की मैत्रिणीला पुन्हा वाचायला द्या.