हृदयावर मांडणीशिल्प करणाऱ्या विद्यार्थिनीस

नौपाडा, ठाणे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

ठाणे कला भवनातील प्रदर्शनासाठी तू करीत असलेल्या मांडणीशिल्पाची छायाचित्रे आणि सोबतचे टिपण मी लक्षपूर्वक पाहिले. काळ्या पार्श्वभूमीवरची ईसीजीची लाल रेषा देखणी आहे. परंतु ती हृदयापेक्षा औषधांच्या जाहिरातींतून आलेली वाटते. उंच शिखराआधीची छोटी लाट, जिच्यावरून विद्युतसंदेश अलिंदांमध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांमध्ये, पसरल्याचे कळते, तुझ्या रेषेत नाहीच. शिवाय ती रेषा विजेची नोंद आहे, आकुंचनाची नव्हे. नाडी हाताला लागत नसतानाही पडद्यावर विद्युतलहरी काही काळ उमटत राहू शकतात, आणि म्हणून डॉक्टर केवळ रेषेवर विसंबून न राहता रुग्णाच्या मानेवरची नाडी चाचपतात. रेषा चालू आहे पण रक्त हललेले नाही, ही शक्यता ‘जीवनरेषा’ या तुझ्या शीर्षकापेक्षा कितीतरी खोल आहे. तू तिथे थांबून विचार करावास, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

लिओनार्दो दा विंचीने १५१३च्या सुमारास बैलाच्या हृदयाचा अभ्यास केला. हृदयातून शरीरभर रक्त नेणाऱ्या महारोहिणीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्यात रक्ताचे भोवरे होत असावेत आणि त्या भोवऱ्यांमुळे झडपेच्या पाकळ्या मिटण्यास मदत होत असावी, असे अनुमान त्याने काढले. ते पडताळण्यासाठी त्या भागाची काचेची प्रतिकृती करून तिच्यातून पाण्याबरोबर गवताचे बी सोडण्याची युक्तीही त्याने नोंदवून ठेवली. रक्ताभिसरणाचा सिद्धान्त विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये मांडला, म्हणजे तो लिओनार्दोला माहीतच नव्हता. तरीही भोवऱ्यांविषयीचे त्याचे अनुमान विसाव्या शतकातील प्रयोगांनी खरे ठरवले. रेखाटन हे त्याच्यासाठी विचार करण्याचे साधन होते, आणि विज्ञानाशी नाते जोडू पाहणाऱ्या चित्रकाराने त्याच्याकडून घ्यावे ते हेच.

म्हणून पुढचा रविवार संगणकासमोर घालवू नकोस. मटणाच्या दुकानातून बोकडाचे अख्खे हृदय आण, ते उभे चीर आणि समोर ठेवून दिवसभर रेखाटत बस. डाव्या निलयाची, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत उजव्या निलयाच्या भिंतीपेक्षा जाड का, हे बोटांना कळू दे. उजव्या बाजूला फुप्फुसांपर्यंतच रक्त ढकलायचे असते, डाव्या बाजूला सर्व शरीराला पुरवायचे असते. झडपांना धरून ठेवणारे पांढरे तंतू नीट पाहा. ते मी प्रथम पाहिले तेव्हा माझा हात कितीतरी वेळ कागदावर गेलाच नाही.

ध्वनीबाबत एक व्यावहारिक सूचना. हृदयाचे ठोके म्हणजे झडपा मिटतानाचा आवाज. त्याचा मोठा भाग २०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे खर्जात, असतो आणि लहान स्पीकर तो पुरता ऐकवूच शकत नाही, त्यात बाहेर कापूरबावडी नाक्यावरची रहदारी. त्याऐवजी जाड लाकडी फळीखाली मोठा स्पीकर बसव आणि प्रेक्षकाला फळीवर तळहात ठेवू दे. राफाएल लोझानो-हेमर या कलावंताच्या २००६ च्या ‘पल्स रूम’ या अनेक दिव्यांच्या मांडणीशिल्पात प्रेक्षकाच्या नाडीच्या लयीत एक दिवा लुकलुकतो आणि नवा माणूस आला की जुनी स्पंदने एकेक दिवा पुढे सरकत अखेर खोलीबाहेर पडतात. ख्रिस्तियान बोल्तान्स्की या फ्रेंच कलावंताने जपानमधील तेशिमा बेटावर २०१० मध्ये याच्या उलट केले: जगभरातल्या माणसांचे ठोके कायमचे साठवले. दोघांचे साहित्य जवळपास एकच, पण एकाची रचना विसर्जनाची आहे आणि दुसऱ्याची जतनाची. तुझी कोणती, हे रेषेचा रंग ठरवण्याआधी ठरव.

तू रुग्णांचे ठोके ध्वनिमुद्रित करणार असशील तर रुग्णालयाच्या परवानगीवर भागवू नकोस. प्रत्येकाशी स्वतः बोल, लेखी संमती घे, नावे कुठेही येऊ देऊ नकोस, आणि प्रदर्शन सुरू झाल्यावरही कोणी आपला ठोका काढून टाकायला सांगितले तर तो त्याच दिवशी काढ. रेखाटने झाली की घरी घेऊन ये. झडपांची आधी पाहू.

तुझा शुभचिंतक