अमेरिकेत चित्रित केलेली कॅसेट भारतातल्या कॅमकॉर्डरवर का दिसत नाही?

न्यूजर्सीत १९९८ साली मुलाच्या बारशाच्या वेळी भरलेल्या हाय-एट (आठ मिलिमीटर टेपच्या छोट्या व्हिडिओ) कॅसेट पुण्यात घेतलेल्या कॅमकॉर्डरवर लावल्या असता नुसते सरकणारे पट्टे दिसतात, तेव्हा टेप खराब झाली असेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते टेप बहुधा शाबूत आहे. ती वाचणारे यंत्र मात्र दुसऱ्या पद्धतीचे आहे.

टीव्हीचे चित्र तयार करण्याची अमेरिका, कॅनडा आणि जपान येथली पद्धत एनटीएससी होती, तर भारतातली पाल. पहिलीत चित्राच्या ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे (नेमके सांगायचे तर २९.९७), तर दुसरीत ६२५ रेषा आणि २५ चित्रे असतात. हा फरक मुळात अमेरिकेतल्या ६० आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवरून आला. कॅसेट बाहेरून हुबेहूब सारखी असल्यामुळे ती कोणत्याही कॅमेऱ्यात बसते, आणि फसगत होते ती इथेच. एनटीएससी कॅमेऱ्यात टेप सेकंदाला साधारण १४.३ मिलिमीटर सरकते आणि हेड (टेपवरचे चित्र वाचणारा भाग) बसवलेला ड्रम मिनिटाला सुमारे १८०० फेरे घेतो. पाल कॅमेऱ्यात हेच आकडे २० मिलिमीटर आणि १५०० फेरे असे आहेत. त्यामुळे आपल्या यंत्राचे हेड टेपवर चित्र नोंदलेल्या तिरप्या पट्टीवर न राहता एका पट्टीवरून दुसरीवर घसरत जाते आणि पडद्यावर पट्टे उमटतात. केवळ टीव्ही वेगळ्या पद्धतीचा असता, तर चित्र कृष्णधवल दिसले असते किंवा वरखाली फिरत राहिले असते.

म्हणून एनटीएससी पद्धतीचाच हाय-एट कॅमकॉर्डर मिळवावा लागेल. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या माळ्यावर तो अनेकदा पडून असतो. त्याचा चार्जर इथल्या २३० व्होल्टवर लावण्यापूर्वी त्यावर १०० ते २४० असे छापलेले आहे का, हे अवश्य पाहावे. कॅमेरा पिवळ्या वायरने आजच्या टीव्हीला जोडल्यास चित्र बहुतेक वेळा रंगीत दिसते, कारण नव्या टीव्हींना सहसा दोन्ही पद्धती कळतात.

संगणकावर उतरवताना कॅप्चर उपकरणाच्या (कॅमेऱ्यातले चित्र संगणकात घेणाऱ्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये एनटीएससी निवडावे आणि फाइल ७२० बाय ४८० बिंदूंची व सेकंदाला २९.९७ चित्रांची अशीच ठेवावी. ‘भारतात चालावी’ म्हणून ती २५ चित्रांची करून घेण्याचा मोह टाळावा. माझ्या बहिणीच्या टोरांटोतल्या कॅसेट मी एका दुकानात तशा करून घेतल्या होत्या, आणि चालणारी प्रत्येक व्यक्ती त्यात अडखळत चालल्यासारखी दिसते. संगणकाला आणि मोबाइलला दोन्ही वेग सारखेच चालत असल्याने त्या खटाटोपाची गरजच नव्हती. (एनटीएससीचे रंग भरवशाचे नसल्याने अभियंते तिला गमतीने ‘नेव्हर ट्वाइस द सेम कलर’ (एकच रंग दोनदा कधीच सारखा नाही) म्हणत, तेव्हा बारशातली हिरवी पैठणी थोडी निळसर दिसली तर रंगछटा फाइलमध्ये सुधारता येते.)

कॅसेट कॅमेऱ्यात घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून टेपचे वेटोळे उजेडात पाहावे. त्यावर पांढरट भुकटी किंवा जाळे दिसले तर ती बुरशी आहे. ती हेडला लागून पुढच्या कॅसेटलाही चिकटते, म्हणून अशी कॅसेट आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी.