मुखत्यारपत्रावर विसंबू नका

प्रश्न : आई ७६ वर्षांची, साताऱ्यात राहते. तिच्याजवळ माझा धाकटा भाऊ असतो, वय ४४, जन्मापासून मतिमंद, फिट्सही येतात. वडील राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यात होते. २०१४ साली, निवृत्तीनंतर, ते गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. घर त्यांनी स्वतःच्या पैशातून बांधलेलं, पण मिळकत पत्रिकेवर आता एकट्या आईचं नाव आहे. भावाचं सगळं आजवर आईच बघत आली. गेल्या वर्षी तिला सुरुवातीचा डिमेन्शिया असल्याचं निदान झालं. मागच्या महिन्यात तिने भावाला फिटची गोळी सकाळी दोनदा दिली. डॉक्टरांना सांगायला बिचकते, कागदावर आई ‘वेडी’ ठरेल म्हणून. दुपार कलली की तिला गोंधळायला होतं. थोरला भाऊ म्हणतो, घर मला बक्षीस द्या, मी दोघांना सांभाळतो. मी ठाण्यात असते. आईकडून माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घेतलं तर पुढचं सगळं मला बघता येईल का?

उत्तर : ताई, नाही येणार. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण बहुतेक घरांत हाच कागद केला जातो आणि मग सगळे निर्धास्त होतात.

करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी तिथेच संपते. काही देशांत समज गेल्यानंतरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला त्या कागदाची खरी गरज पडेल, त्याच दिवशी तो निकामी झालेला असेल. आज आईंच्या वतीने बँकेत, नगरपालिकेत खेपा घालायला तो जरूर करा, उद्याचं काम मात्र त्यावर सोपवू नका. भावाचं पालकत्व तर त्या कागदाने तुमच्याकडे येतच नाही. मुलगा १८ वर्षांचा झाला की जन्मदाती आईसुद्धा कायद्याने आपोआप त्याची पालक राहत नाही.

आता घर. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येता असं धरते. वडील मृत्युपत्र न करता गेले त्या क्षणी घराचे चार सारखे हिस्से झाले : आई, थोरला, तुम्ही आणि धाकटा. मिळकत पत्रिकेवर कोणाचं नाव लागलं यावरून मालकी ठरत नाही. मधल्या काळात नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालं नसेल, तर आई फार तर स्वतःच्या चौथ्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करू शकतात. धाकट्याचा चौथा हिस्सा त्याचाच आहे. त्याचा अंगठा घेऊन हक्कसोड करायचं कोणी सुचवलं तर सरळ नकार द्या. समजत नसलेल्या माणसाचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

थोरल्याच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. दोघांना सांभाळायला तयार होणारी माणसंही कमीच असतात. पण बक्षीसपत्राने काय होईल ते बघा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे : सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करता येतं. ती अट कागदात असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटलं. २०२५ मध्ये एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा असं सांगितलं. तरी हे संरक्षण फक्त आईंना आहे. त्यांच्या माघारी थोरल्याने धाकट्याला वाऱ्यावर सोडलं, तर कलम २३ धाकट्याच्या उपयोगाचं नाही. म्हणून बक्षीसपत्र नको.

त्याऐवजी आईंचं मृत्युपत्र करा, आणि याच महिन्यात. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणून मृत्युपत्राचा अधिकार जात नाही. आपण काय करतोय, आपलं काय आहे, ते कोणाला देतोय, एवढं त्या वेळी कळत असलं की पुरे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून त्याच दिवशीचा दाखला घ्या. साक्षीदार दोन, दोघेही वारसांपैकी नसलेले. नोंदणी सक्तीची नाही, तुमच्या घरात मात्र ती कराच. आईंचा हिस्सा धाकट्याच्या नावावर नुसता ठेवण्यापेक्षा त्याच्यासाठी विश्वस्त नेमून ठेवावा, हे माझं मत. दोन विश्वस्त असावेत आणि त्यांत एक तरी घराबाहेरचा असावा.

धाकट्याच्या पालकत्वासाठी कोर्टात दावा लावावा लागत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी स्थानिक समिती असते. भाऊ साताऱ्यात राहतो, तेव्हा अर्ज तिथेच. पालकत्वाचा पहिला मान आईवडिलांचा, म्हणून तब्येतीमुळे आपल्याला आता झेपत नाही आणि मुलीला नेमावं, असं आईंचं सहीचं पत्र आज घेऊन ठेवा. भावंडं मिळून किंवा एकेकटी अर्ज करू शकतात. एकट्याने केला तर कारण द्यावं लागतं. थोरल्याचं ना-हरकत पत्र जोडलंत तर काम सोपं होईल. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी मार्चअखेरनंतर तीन महिन्यांत जमाखर्च समितीला द्यायचा असतो. पावत्यांची वही आजच घाला. याच न्यासाची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण देते, वयाची अट नाही.

हे पालकत्व आणखी एका कारणासाठी लागणार आहे, आणि नेमकं तेच घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. आईंना मिळतं ते वडिलांचं कुटुंबनिवृत्तिवेतन. ते आईंबरोबर संपलंच पाहिजे असं नाही. स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ते पुढे तहहयात मिळू शकतं. त्यासाठी दिव्यांगत्वाचा वैद्यकीय दाखला आणि पैसे घेणारा कायदेशीर पालक लागतो. कोषागारात आईंच्या हयातीतच अर्ज देऊन धाकट्याचं नाव कुटुंबाच्या तपशिलात आहे का ते बघा, नसेल तर घालायला सांगा आणि पोच घ्या.

आईंची समज पुढे पूर्ण गेली तर? डिमेन्शिया झालेल्या प्रौढ माणसाच्या पैशाअडक्यासाठी पालक नेमण्याचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. कुटुंबं रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात जातात. तिथे वैद्यकीय अहवाल आणि सगळ्या वारसांची म्हणणी लागतात. एका भावाने विरोध केला की तेच प्रकरण लांबतं. त्यामुळे थोरल्याशी भांडण ओढवून घेऊ नका. घर देत नाही म्हणताना त्याला बाजूलाही काढू नका. दोघांच्या सांभाळाचा महिन्याचा खर्च कोणी किती करायचा ते कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्या. पुढे त्याने हात वर केलेच, तर त्याच २००७ च्या कायद्याखाली आईंना प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात निर्वाह मागता येतो, कमाल मर्यादा महिना १० हजार. कायद्यातल्या कलमाप्रमाणे तिथे वकील देता येत नाही, पण त्या कोणालाही आपल्या वतीने अर्जाचा अधिकार देऊ शकतात.

राहिली ती गोळी. दोनदा दिल्याचं डॉक्टरांना सांगायला तुम्ही बिचकताय, कागदावर आई ‘वेडी’ ठरेल म्हणून. सांगा. फिटच्या गोळ्यांचा हिशेब चुकणं आणि आपलं घर कोणाला द्यायचं हे न कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डॉक्टरांनाही हा फरक कळतो. लपवलंत तर उद्या मृत्युपत्राला हरकत घेणारा नेमकं त्यावरच बोट ठेवेल, आणि भावाच्या जिवाला धोका आहे तो वेगळाच. आठवड्याच्या गोळ्या वारांच्या खणांच्या डबीत शेजारच्या कोणाकडून किंवा कामाच्या बाईंकडून भरून घ्या. त्या दिवसाचा खण उघडून भावाच्या हातावर ठेवायचं काम आईंकडेच राहू दे. आणि मृत्युपत्राच्या सहीसाठी दुय्यम निबंधकाकडे सकाळची वेळ घ्या. दुपार कलली की आईंना गोंधळायला होतं, असं तुम्हीच लिहिलं आहे.