तुझ्या काळजीची तपासणी वेगळी आहे

«ताई, मी खानापूर तालुक्यातली. वय २५, दहावा आठवडा चालू आहे. नवरा माझा सख्खा आतेभाऊ, उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. डॉक्टरांनी एनआयपीटी नावाची रक्ततपासणी सुचवलीय. खर्च आमच्या मानाने खूप आहे. नणंद म्हणते, ती केली की बाळात काही दोष नाही याची गॅरंटी मिळते, शिवाय मुलगा की मुलगी तेही कळतं. सासूबाई म्हणतात, ‘आमची पोरं काय रगात तपासून झाली?’ फॉर्म कन्नड-इंग्रजीत आहे, मला धड वाचता येत नाही. मोठ्या जाऊबाईपण नात्यातल्याच. त्यांचा मुलगा चार वर्षांचा होऊन वारला, त्याला सारखं रक्त चढवावं लागायचं. त्यावर घरात कुणी बोलत नाही. मी तपासणी करू का?»

अगं, तू सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पत्राच्या शेवटी लिहिलीस. मी तिथूनच सुरुवात करते.

ज्या मुलाला सारखं रक्त चढवावं लागतं, त्याला थॅलेसेमिया हा आई-बापांकडून येणारा रक्ताचा आजार असू शकतो. होता की नाही, हे जुने कागद बघून डॉक्टरच सांगतील. पण असेल, तर नेहमीची एनआयपीटी तुला त्याबद्दल काहीही सांगणार नाही. ती वारेतून आईच्या रक्तात उतरलेले डीएनएचे तुकडे वाचते आणि मुख्यतः गुणसूत्रांची संख्या बघते, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारे दोष: डाऊन सिंड्रोम, एडवर्ड्स, पटाऊ. नात्यातल्या लग्नाने जो धोका वाढतो तो हा नव्हे. तुम्हा दोघांचे आजी-आजोबा एकच, त्यामुळे एकच दोष असलेलं जनुक दोघांकडेही आलेलं असू शकतं. असं एकच दोषाचं जनुक असलेल्याला वाहक म्हणतात, त्याला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. दोघंही वाहक असले तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

म्हणून आधी तुम्हा दोघांच्या रक्ताची साधी तपासणी करून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी तपासणी). एनआयपीटीच्या तुलनेत खर्च फारच कमी. त्या मुलाला खरंच थॅलेसेमिया असेल तर तुझे दीर वाहक असणारच, आणि तुझा नवरा वाहक असण्याची शक्यता निम्मी. एरवी आधी बायकोची करतात आणि गरज पडली तर नवऱ्याची. तू तसं थांबू नकोस, दोघांचं रक्त एकाच दिवशी द्या. तुमच्यापैकी एकजण जरी वाहक नसला, तरी ही काळजी जवळजवळ मिटली. दोघंही वाहक निघालात तर वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाची तपासणी साधारण ११ ते १४ आठवड्यांत होते, गर्भजलाची १५-१६ आठवड्यांनंतर. दोन्हींत गर्भपाताचा धोका थोडा असतो, तो किती हे तिथल्या डॉक्टरांना विचारून घे. बेळगावात मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, तिथे जेनेटिक काउन्सेलिंगबद्दल, म्हणजे आनुवंशिक आजारांच्या सल्ल्याबद्दल विचार.

आणि घाबरून जाऊ नकोस. कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के. सख्ख्या आते-मामे भावंडांत ती दुपटीच्या आसपास जाते. म्हणजे शंभरातली नव्वदहून जास्त बाळं धडधाकटच असतात.

आता एनआयपीटीचं. डाऊन सिंड्रोम ओळखण्यात ती खरंच चांगली आहे, शंभरातली जवळपास ९९ बाळं पकडते. तरी ती चाळणी आहे, निदान नव्हे. पंचविशीतल्या दहा हजार बायकांनी ती केली, तर डाऊनची बाळं दहाएक असतील, आणि जवळपास तितक्याच बायकांना चुकून ‘हाय रिस्क’ येईल. म्हणजे तुझ्या वयात ‘हाय रिस्क’ आलेल्यांपैकी निम्म्यांची बाळं ठीक असतात. त्या रिपोर्टवर कोणताही निर्णय घेऊ नये, गर्भजल तपासून खात्री करावीच लागते. पैशाची ओढाताण असेल तर ११ ते १४ आठवड्यांतला एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) हाही रास्त मार्ग आहे, तो घेतलास म्हणून बाळाची हेळसांड होत नाही. काहीजणी यातलं काहीच करत नाहीत, कारण रिपोर्ट काहीही आला तरी बाळ हवंच असतं. तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. रिपोर्ट वाईट आला तर आपण काय करणार, हे नवऱ्याशी आधी बोल. रक्त देऊन आल्यावर दहा दिवस झोप उडवून घेण्यापेक्षा ते बरं. पुढे गर्भपाताचा प्रश्न आलाच, तर कायद्याने संमती तुझीच लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही.

नणंदेला स्पष्ट सांग, गॅरंटी कुठलीच तपासणी देत नाही. एनआयपीटी केलीस तरी १८ ते २० आठवड्यांचा अॅनोमली स्कॅन चुकवायचा नाही. हृदयाचे, मणक्याचे दोष बघायचे ते त्यात. आणि मुलगा-मुलगी हा शब्दसुद्धा दवाखान्यात काढायचा नाही. १९९४ च्या कायद्याने ते सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे. आपल्या मुली पोटातच जाऊ नयेत म्हणून तो कायदा आहे.

फॉर्मवर न वाचता सही करू नकोस. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये गर्भलिंग नव्हे, आजार शोधण्याच्या तपासण्यांबाबत म्हटलंय की धोके समजावून सांगावेत, बाईला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी आणि तिची प्रत तिला द्यावी. सीमाभागात भाषेवरून रोज वाद ऐकतो आपण, इथे वाद घालायची गरज नाही. “मला मराठीत समजावून सांगा, मग सही करते,” एवढं म्हण. नर्सबाईंपैकी कुणीतरी मराठी बोलणारी बेळगावात सापडतेच.

सासूबाई म्हणजे तुझ्या आत्याबाईच, त्यांच्यापासून लपवून काही करू नकोस, पण परवानगीही मागू नकोस. नातवाच्या जाण्याचा बोल आपल्या घराण्यावर येईल, ही भीती त्यांच्या बोलण्यामागे असावी. हा दोष कुणा एकाचा नसतो, दोन्ही बाजूंनी येतो तेव्हाच आजार होतो, हे त्यांना नवऱ्याने सांगू दे.

जाऊबाईंकडे मात्र तू एकटी जा. त्या मुलाची फाईल, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, जे असेल ते हवंय. पण गेल्या गेल्या फाईल मागू नकोस. इतकी वर्षं त्यांच्या लेकराचं नावही घरात कुणी घेतलं नसेल, आधी त्यांना त्याच्याबद्दल बोलू दे. आणि हे याच आठवड्यात कर, दहावा आठवडा चालू आहे.